टिपणिसांच्या गॅलरीतली भरती

कमलाकर टिपणिसांनी चिठ्ठी उघडली, वाचली, चष्मा पुसून पुन्हा वाचली आणि शेजारी बसलेल्या बायकोकडे सरकवली. चिठ्ठीवर शशिकलाताईंच्या टपोऱ्या अक्षरात लिहिलं होतं : ‘राज्य कांदळवन वृक्ष – पांढरी चिप्पी.’

खांदा कॉलनीतल्या निशिगंध सोसायटीने पावसाळा सरतानाच येत्या महाराष्ट्र दिनाला प्रदर्शन भरवायचं ठरवलं होतं. विषय, महाराष्ट्राची मानचिन्हे. सेक्रेटरी शशिकलाताई नाईक निवृत्त शिक्षिका, त्यामुळे सोसायटीतली मोठी माणसंसुद्धा त्यांच्यासमोर बोलताना नकळत उभी राहत. प्रत्येक घराने एक मानचिन्ह घ्यायचं, टेबलावर मांडायचं आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला माहिती सांगायची. तळमजल्यावरच्या प्रितेश घरतला शेकरू आलं. त्याने मीटिंगमध्येच मोबाइलवर कापसाने भरलेली एक खार मागवली आणि तो मोकळा झाला. खुद्द शशिकलाताईंना आलं ताम्हण, म्हणजे राज्यफूल. चिठ्ठ्या त्यांनीच केल्या होत्या, घड्याही त्यांनीच घातल्या होत्या.

टिपणिसांना मनातून ताम्हणच हवं होतं. वैशाखात ताम्हणाचा जांभळा बहर दिसला की ते रस्त्यात थांबत, आणि त्या थांबण्यात त्यांच्या कित्येक बसेस निघून गेल्या होत्या. ते एका विमा कंपनीच्या पनवेलच्या कचेरीत नुकसानभरपाईच्या टेबलावर बसत. दिवसभर लोकांच्या आगी, चोऱ्या आणि अपघात वाचणारा माणूस एव्हाना व्यवहारी व्हायला हवा होता. पण टिपणिसांचं उलटं झालं होतं. समोरच्या अर्जातलं गोदाम जळत असताना ते खिडकीतून ढगांकडे बघत बसायचे.

“चित्र काढा आणि चिकटवा,” पद्मजाबाई म्हणाल्या. “कोण बघतंय?”

बाईंचं म्हणणं शंभर टक्के बरोबर होतं. मात्र ते झाड आहे तरी कसं, एवढं बघायला म्हणून टिपणीस रविवारी स्कूटरवरून खाडीवर गेले, आणि घात झाला.

ओहोटी होती. चिखल चांदीच्या ताटासारखा पसरला होता आणि त्यातून चिप्पीची मुळं वर आली होती, शेकडो, जणू जमिनीखालच्या कुणीतरी बोटं वर करून हजेरी दिली होती. इवले खेकडे बिळांच्या तोंडाशी उभे राहून एकच नांगी हलवत होते. दूर हायवेवर ट्रक धावत होते, त्यांचा आवाज इथे येईपर्यंत झोपाळू होत होता. झाडं मात्र कशाचीच घाई नसल्यासारखी उभी होती. घरी येऊन टिपणिसांनी माहिती काढली. चिप्पीचं फूल म्हणे संध्याकाळी उमलतं. पाकळ्यांपेक्षा पांढऱ्या केसरांचाच थाट, आणि सकाळी सगळा झुपका पाण्यावर गळून वाहत जातो. हे वाचताच त्यांना आपली दुसऱ्या मजल्यावरची गॅलरी दिसली, दोन खुर्च्या दिसल्या, दोन कप दिसले, आणि समोर सावकाश उलगडणारं ते फूल.

“चित्र नाही,” त्यांनी जाहीर केलं. “खरं झाड.”

पद्मजाबाईंनी गॅस बारीक केला आणि नवऱ्याकडे नीट बघितलं. हा स्वर त्यांच्या ओळखीचा होता. मागच्या वेळी तो लागला होता तेव्हा घरात सतार आली होती. ती अजून कपाटावर आहे.

नर्सऱ्या पालथ्या घालून झाल्या. एक नर्सरीवाला म्हणाला, “साहेब, तुम्हाला चाफा म्हणायचंय.” दुसऱ्याने हवा शुद्ध करणारं एक झाड गळ्यात मारायचा प्रयत्न केला. तिसऱ्याने सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, “चिखलात येतं ना? मग येऊ द्या की चिखलात.” यावर टिपणीस रागावून निघून आले.

झाड शेवटी आलं ते मासळीच्या पाटीतून. गुणाबाई उरणहून मासळी घेऊन कॉलनीत यायची, आणि टिपणिसांचं घर हे तिचं हक्काचं गिऱ्हाईक. तिला चिप्पीबद्दल विचारलं तर ती दारातच बसून हसायला लागली. पुढच्या खेपेला मात्र बोंबलांवरचं फडकं बाजूला करून तिने एक हिरवं, चपटं फळ काढलं. बुडाशी चांदणीसारखा देठ होता.

“जाल्यान आलं व्हतं. टाकून देनार, तं तुमची याद आली. पन शेट, याचं करनार काय? खायचं तर आंबट हाय.”

“लावणार.”

“कुठं?”

“गॅलरीत.”

गुणाबाईने पद्मजाबाईंकडे बघितलं. पद्मजाबाईंनी पापलेटाकडे बघितलं. “बाय, शेटची तब्येत बरी हाय ना?” एवढं विचारून तिने पाटी उचलली.

आता चिखल हवा. निळा ड्रम अर्धा कापून तयार होता. टिपणिसांनी दोन कॅनमध्ये चिखल आणि दोन कॅनमध्ये खारं पाणी भरलं, स्कूटरवर बांधलं, आणि खाडीपुलापाशी ट्रॅफिक पोलिसाने त्यांना बाजूला घेतलं.

“काय आहे यात?”

“खाडी,” टिपणीस खरं तेच बोलले.

“कुठे नेताय?”

“घरी.”

पोलिसाने एक झाकण उघडून वास घेतला, झाकण लावलं, आणि हाताने ‘जा, जा’ केलं. त्या हात हलवण्यात दंडापेक्षा जास्त अपमान होता, असं टिपणिसांचं कायमचं मत झालं.

फळातल्या बिया रुजल्या. बऱ्याच कोमेजल्या, एक तगली. दोन जाड, चकचकीत पानं वर आली तेव्हा टिपणिसांनी कचेरीत पेढे नेले. कारण विचारल्यावर ते नुसते हसले, आणि कचेरीने आपापल्या परीने अर्थ लावून त्यांचं अभिनंदन केलं.

पण चिप्पीला नुसतं खारं पाणी चालत नाही, भरती-ओहोटी लागते, असं टिपणिसांना वाटलं. मग भिंतीवरच्या दिनदर्शिकेतल्या भरतीच्या वेळांप्रमाणे ड्रममध्ये बादलीने पाणी ओतायचं, आणि ओहोटीला बुडाची तोटी सोडून ते पुन्हा कॅनमध्ये घ्यायचं, असा क्रम सुरू झाला. अडचण अशी, की समुद्राला कचेरीच्या वेळा ठाऊक नाहीत. दुपारच्या भरत्या पद्मजाबाईंच्या अंगावर पडल्या. टिपणिसांच्या टेबलावरचा फोन वाजायचा आणि सगळ्या कचेरीला ऐकू जाईल अशा आवाजात पलीकडून यायचं, “अहो, भरती झाली. ओहोटी कधी सोडू? मला भिशीला जायचंय.”

चिखलाबरोबर एक खेकडाही आला होता. त्याने आठवडाभर ड्रममध्ये विचार केला आणि मग स्थलांतर केलं. शेजारच्याच गॅलरीत शशिकलाताईंचं ताम्हणाचं रोप कुंडीत उभं होतं. सकाळी ताई पाणी घालायला गेल्या तर राज्यफुलाच्या मुळाशी बीळ, आणि बिळाच्या तोंडाशी मालक नांगी उगारून उभा. त्यांची किंकाळी पार्किंगपर्यंत गेली. पुढे हिवाळ्यात ताम्हणाची पानं गळली, ती हिवाळ्यात गळतातच, पण ताईंनी निदान केलं, “टिपणीस, तुमच्याकडचे खारे वारे.”

यानंतरचा प्रसंग प्रितेश घरतच्या गाडीचा. प्रितेशचा कळंबोलीच्या लोखंड बाजारात सळयांचा धंदा. नवी पांढरी गाडी तो बरोबर टिपणिसांच्या गॅलरीखाली उभी करायचा. टिपणीस स्वप्नाळू माणूस. भरती करता करता ते समोरच्या आभाळात हरवायचे आणि समुद्र काठाबाहेर जायचा. एका रविवारी प्रितेश जिना चढून वर आला. एरवी तो शहरी बोलायचा, पण राग आला की त्याची बोली गावाकडे वळायची.

“काका, ती गाडी हाय का होडी?”

“का रे, काय झालं?”

“बॉनेटवर गंज! माझं आयुष्य लोखंडात गेलं, गंज मला शिकवू नका. मी बोट लावून चाटून बघितलं. खारट हाय!”

टिपणिसांनी माफी मागितली, ड्रमखाली परात ठेवली आणि आतल्या खोलीत जाऊन पडले. गाडी चाटून बघणाऱ्या माणसापुढे आपण मान खाली घातली, हे त्यांना फार लागलं.

प्रितेशच्या मनातली अढी मात्र गेली नाही, आणि ती निघाली पुनर्विकासाच्या सभेत. विमानतळाची चर्चा सुरू झाल्यापासून कॉलनीत नारळपाणीवालासुद्धा चौरस फुटात बोलायचा. निशिगंधला एक बिल्डर मिळाला होता. त्याचा माणूस निळा कोट घालून आला होता आणि पडद्यावर लिफ्ट, दोन बेडरूम, आणि गच्चीवरच्या बागेत योगासनं करणारी हसरी माणसं दाखवत होता. जिने चढून गुडघे गेलेले सभासद त्या लिफ्टकडे देवाकडे बघावं तसे बघत होते. तेवढ्यात प्रितेश मागून म्हणाला, “आणि टिपणीसकाकांच्या मँग्रोव्हचं काय? त्याच्या पन्नास मीटरात म्हणे बांधकाम चालत नाही.”

तो हे नुसतं टोचायला बोलला होता. पण निळ्या कोटाचा हात लॅपटॉपवर थांबला.

“साइटवर मँग्रोव्ह आहे?”

“साइटवर नाही,” टिपणीस प्रामाणिकपणे म्हणाले, “दुसऱ्या मजल्यावर.”

“आम्हाला संबंधित खात्याचं लेखी लागेल,” असं म्हणून कोटाने लॅपटॉप मिटला. हसरी माणसं अंधारात गेली.

मग जो गोंधळ झाला तो अजून सोसायटीत सांगितला जातो. अर्धे म्हणाले, ते झाड आत्ताच्या आत्ता उपटा. शशिकलाताई उभ्या राहिल्या. “खबरदार! कांदळवन तोडणं गुन्हा आहे. पोलीस सेक्रेटरीला धरतील.” म्हणजे झाड ठेवलं तर इमारत अडते आणि काढलं तर सेक्रेटरी अडकते. सगळ्यांनी टिपणिसांकडे असं बघितलं, की त्यांना आपल्या टेबलावरचे, स्वतःच आग लावून भरपाई मागणारे सगळे अर्जदार आठवले.

लेखीसाठी त्यांनी रजा टाकून सरकारी कचेऱ्या केल्या. एकीत सांगितलं, आमच्याकडे जमिनीवरची झाडं. दुसरीत सांगितलं, आमच्याकडे खाडीतली, पण ड्रममधली नाहीत. तिसरीत एक गृहस्थ बराच वेळ डोळे मिटून विचार करत होते. टिपणिसांना आशा वाटली. मग लक्षात आलं, की ते झोपलेत. टिपणिसांनी त्यांना उठवलं नाही. खिडकीतून ऊन येत होतं, पंखा मंद फिरत होता, आणि समोरच्या बाकावर ते स्वतःही थोडा वेळ पेंगले.

या दगदगीने त्यांना ताप भरला, आणि निशिगंधमध्ये घबराट उडाली. टिपणिसांची नव्हे, झाडाची. ते मेलं तर जबाबदार कोण? पद्मजाबाईंची मान तेव्हा धरली होती, बादली उचलवत नव्हती. दुपारच्या भरतीला दार वाजलं तर शशिकलाताई, पदर खोचून. “बादली कुठेय?” संध्याकाळी प्रितेश स्वतःच्या गाडीतून खाडीचे कॅन घेऊन आला. गाडीत खाली प्लॅस्टिक अंथरलं होतं, तोंडावर नाराजी होती. पण उद्याच्या भरतीचं पाणी बादलीत काढता काढता त्याने बोट बुडवलं, चाखलं, आणि तो थांबला.

“हे पाणी हलकं हाय. नदीच्या तोंडाचं भरलं बहुतेक.” मग जरा वेळाने, खुर्चीत टेकत, “आमचं मिठागर होतं काका. आजोबा असंच चाखून सांगायचे, आज मीठ धरेल का नाय. मी किती वर्षांत खारं पाणी तोंडात घेतलं नव्हतं. त्या दिवशी गाडीचं घेतलं तेवढंच.”

टिपणीस पांघरुणातून त्याच्याकडे बघत होते. बाहेर ऊन उतरत होतं. ओहोटीचं पाणी तोटीतून बारीक धारेने कॅनमध्ये पडत होतं, आणि दोघंही तो आवाज ऐकत बसले. प्रितेश गेला तेव्हा चांगलं अंधारून आलं होतं.

त्यानंतर भरत्या वाटल्या गेल्या. कुणी सकाळची करायचं, कुणी दुपारची. भीती म्हणून सुरू झालेली गोष्ट हळूहळू चहासकट होऊ लागली. पद्मजाबाई कुरकुरत कप मोजायच्या आणि कोणी आलं नाही तर गॅलरीतून हाक मारायच्या.

एप्रिल सरत आला तेव्हा वनखात्याची वनरक्षक स्नेहल अखेर आली. टिपणिसांचा कोणता तरी अर्ज कुठून तरी तिच्यापर्यंत वाहत पोचला होता. वीतभर वाढलेल्या रोपाकडे, परातीकडे आणि गॅलरीच्या दारात दाटलेल्या सोसायटीकडे तिने आळीपाळीने बघितलं.

“हे तुम्ही ड्रममध्ये वाढवलंत?”

“आम्ही सगळ्यांनी,” शशिकलाताई म्हणाल्या. टिपणिसांनी चमकून मागे बघितलं.

“पन्नास मीटरचा नियम खाडीकाठच्या कांदळवनाला असतो, ड्रमला नाही.”

“मग तसं लेखी द्या ना, मॅडम,” प्रितेश म्हणाला.

“नसलेल्या गोष्टीचं लेखी मी कसं देऊ?” ती बिचारी पेचात पडली. तिने साहेबांना फोन लावला, सगळं सांगितलं, आणि पलीकडून काही ऐकून फोन ठेवला. “साहेब म्हणाले, मी हे ऐकलेलं नाही.” मग तिने रोपाजवळ बसून चिखल थोडा चाचपला. “पण याची मुळं तळाला लागलीत. फार दिवस इथे राहणार नाही हे. आम्ही परवा खाडीवर लागवड करतोय. द्याल तर तिथे लावते. रोप घेतल्याची पोच मात्र मिळेल.”

पोच! म्हणजे लेखी! दारात आनंदाची लाट उसळली. टिपणीस मात्र ड्रमच्या काठावर हात ठेवून उभे राहिले.

“फूल कधी येतं याला?”

“चार-पाच वर्षांनी. जगलं तर.”

“द्यायचं नाही,” कोणीतरी म्हणालं. सगळ्यांनी वळून बघितलं. पद्मजाबाई होत्या. “लिफ्ट नको मला. दुपारच्या भरत्या मी केल्यात, तुम्ही कोणी नाही. भिशी सोडून केल्यात. घेऊन जाते म्हणजे काय?” आणि त्या आत निघून गेल्या.

सोसायटी एकेक करून पांगली. स्नेहलने आपला नंबर दिला.

संध्याकाळच्या भरतीला पद्मजाबाई स्वतःच बाहेर आल्या. नवऱ्याच्या हातातून त्यांनी बादली घेतली, सावकाश ओतली. पाणी पानांपर्यंत चढलं आणि रोप किंचित डोललं. त्या बराच वेळ बघत राहिल्या.

“अहो, बादलीने किती दिवस समुद्र पुरवणार आपण?”

टिपणिसांनी दुसरी खुर्ची ओढून दिली. अंधार पडेपर्यंत दोघं तिथेच होते, आणि मग स्नेहलला फोन पद्मजाबाईंनीच केला.

महाराष्ट्र दिनाला प्रदर्शन झोकात झालं. कापसाच्या शेकरूला मुलांनी दाबून दाबून चपटं केलं. ताईंच्या ताम्हणाला फूल नव्हतं, पण ताईंनी फुलाबद्दल एवढं सांगितलं, की लोक फूल बघून आल्यासारखे निघाले. टिपणिसांच्या टेबलावर काहीच नव्हतं. पांढरी चादर आणि मागे टिपणीस. लोक थांबत, चादरीकडे बघत, आणि अवघडून पुढे जात. पाहुणे म्हणून आलेला निळा कोटसुद्धा थांबला. त्याला पोच पोचली होती. आता त्याला पार्किंगबद्दल नवीन शंका होती, पण तो भाग वेगळा.

“तुमचं मानचिन्ह कुठाय?” एका आजींनी शेवटी विचारलंच.

“खाडीवर,” टिपणीस म्हणाले. “संध्याकाळी भरती आहे. या ना.”

ते हे उगाचच, ओशाळून बोलले होते. पण संध्याकाळी ते आणि पद्मजाबाई निघाले तर खाली प्रितेशचा सळयांचा टेम्पो उभा, त्यात सतरंजी, सतरंजीवर सोसायटी. शशिकलाताई ड्रायव्हरशेजारी बसून रस्ता सांगत होत्या. तो ड्रायव्हरला आधीच माहीत होता.

खाडीच्या बांधावर सगळे ओळीने बसले. समोर चिखलात नवी रोपं लावली होती, शेकडो, सगळी वीतभर, सगळ्यांना तीच जाड चकचकीत पानं. ऊन पिवळं झालं होतं. पाणी येताना दिसत नव्हतं. नुसता मघाशी असलेला एक दगड आता नव्हता, एक बगळा दोन पावलं मागे सरकला होता.

“आपलं कुठलं?” शशिकलाताईंनी विचारलं.

“ते,” टिपणीस ठामपणे म्हणाले. त्यांना अजिबात खात्री नव्हती.

“ते नव्हे. ते त्या बाजूचं, वाकडं,” ताई म्हणाल्या. “मी पाणी घातलंय, मला माहितेय.”

“वाकडं कशाला असेल आपलं? आपलं ते सरळ, बगळ्याजवळचं,” प्रितेश म्हणाला.

वाद चांगलाच रंगला. प्रत्येकाचं बोट वेगळीकडे, आणि प्रत्येकाला आपलंच रोप जास्त टवटवीत दिसत होतं. एवढ्यात पाणी पहिल्या रोपांत शिरलं. मग दुसऱ्या ओळीत. पानं डोलली, टोकं तेवढी राहिली, आणि एकेक करून तीही गेली. समोर नुसतं सपाट, सोनेरी पाणी उरलं. बोटं आपोआप खाली आली.

“बुडलं हो!” प्रदर्शनातल्या त्या आजी घाबरून म्हणाल्या.

“बुडू दे,” पद्मजाबाई म्हणाल्या. त्यांचे दोन्ही हात मांडीवर रिकामे होते आणि त्या समोर बघत होत्या. “भरती आहे. उतरेल आपली आपण.”

पाणी बांधाखालच्या दगडांना लागलं, मग सोडलेल्या चपलांपर्यंत आलं. शशिकलाताईंनी साडीचा काठ वर धरला. पण उठलं कोणीच नाही.